सडपातळ आत्याच्या खांद्यातली चरबी

रात्री जेवायला बसत होतो तेवढ्यात नारायण पेठेतून आत्याचा फोन आला.

“अरे, हा एमआरआयचा रिपोर्ट लिहिणारा शुद्धीवर होता ना? माझ्या खांद्यात म्हणे चरबी आहे. ग्रेड ३. माझं वजन ४४ किलो आहे!”

आत्या निवृत्त शिक्षिका. ‘फार चरबी चढलीय का रे?’ हे वाक्य तिने तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना ऐकवलं. आता तेच कोणीतरी तिलाच छापील कागदावर, सहीशिक्क्यानिशी ऐकवलं होतं. रिपोर्ट मी लिहिलेला नव्हता, पण मीही याच धंद्यातला, रोज खांदे, गुडघे आणि पाठीचे मणके वाचून अहवाल लिहिणारा. म्हणून उलटतपासणी माझी झाली. त्या फोनवर मला जे धड सांगता आलं नाही ते इथे निवांत लिहितो, कारण ‘फॅटी इन्फिल्ट्रेशन’, म्हणजे स्नायूत चरबी शिरणं, हे दोन शब्द वाचून गडबडणारी ती एकटी नाही.

पहिली गोष्ट. ही चरबी पोटावरची नाही, आणि तुपाची धारही तिला फारशी जबाबदार नाही. कातडीखालची चरबी वेगळी, पोटातल्या अवयवांभोवतीची वेगळी आणि स्नायूच्या आत, त्याच्या तंतूंमध्ये शिरलेली वेगळी. वय, मधुमेह, लठ्ठपणा यांमुळे सगळ्याच स्नायूंमध्ये थोडीफार भर पडते हे खरं. पण एका स्नायूत निम्मी चरबी आणि चार बोटांवरचा शेजारी स्वच्छ, असं चित्र दिसलं तर त्याचा आहाराशी संबंध नसतो. त्या एका स्नायूवर काहीतरी गुदरलेलं असतं. आत्याच्या बाबतीत ते चार वर्षांपूर्वी गुदरलं होतं, पावसाळ्यात, वाड्याच्या ओल्या जिन्यावर.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर ठेवलेला चेंडू. चेंडू बशीत धरून ठेवायचं काम चार स्नायू करतात. ते खवाट्यावरून, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावरून, निघतात आणि त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्या, दंडाच्या हाडाच्या डोक्याला पुढून, वरून आणि मागून चिकटतात. सगळ्यांत वरचा सुप्रास्पायनेटस, मागचा इन्फ्रास्पायनेटस, त्याच्या खाली छोटा टेरेस मायनर आणि पुढच्या बाजूला, खवाट्याच्या पोटाशी, सबस्कॅप्युलॅरिस. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात एवढं पुरे. हात वर उचलायला बाहेरचा मोठा डेल्टॉइड जोर लावतो, पण हे चौघे चेंडू जागेवर धरतात म्हणूनच तो जोर कामी येतो. धुतलेलं लुगडं काठीने छताखालच्या दांडीवर टाकणं, माळ्यावरचा डबा काढणं, स्वतःची वेणी घालणं, ही सगळी यांची कामं.

यातला सुप्रास्पायनेटस सगळ्यांत अडचणीच्या जागी राहतो. त्याची कंडरा हाडाच्या छपराखालच्या अरुंद बोळातून जाते. वयानुसार ती झिजते, आणि मग एखादा झटका पुरतो. दुचाकी घसरते, जिन्यावर पाय सरकतो, माणूस कठडा धरायला हात टाकतो आणि कंडरा हाडापासून सुटते.

आता स्नायूच्या आत काय होतं ते पाहू. स्नायूचे तंतू दोरीसारखे सरळ एका रांगेत नसतात. पक्ष्याच्या पिसात मधल्या काडीला तिरपे केस चिकटलेले असतात, तसे हे तंतू कंडरेला तिरपे चिकटलेले असतात. कंडरा ताणलेली असते तोवर तंतू एकमेकांना घट्ट लागून असतात. ती सुटली की स्नायू आखडून मागे सरकतो, तंतू अधिक आडवे होतात आणि त्यांच्यामध्ये फटी पडतात. त्या मोकळ्या जागेत चरबी येऊन बसते.

पण नुसती जागा रिकामी झाली म्हणून चरबी बाहेरून वाहत येत नाही. स्नायूतच काही राखीव पेशी असतात. २०१० साली कॅनडातल्या आणि जपानमधल्या दोन गटांनी त्या वेगवेगळ्या ओळखल्या. नाव लांबलचक आहे, फायब्रो-ॲडिपोजेनिक प्रोजेनिटर. स्नायू निरोगी असला आणि त्याला किरकोळ इजा झाली, तर या पेशी दुरुस्तीला मदत करतात आणि बाजूला होतात. स्नायूला ओढायला काही कामच उरलं नाही, किंवा त्याची नस, म्हणजे त्याला हुकूम पोचवणारी तार (नर्व्ह), तुटली, तर त्याच पेशी चरबीच्या आणि चिवट धाग्यांच्या पेशी होऊन बसतात. म्हणजे स्नायूची ‘चरबी होते’ असं आपण बोलतो ते नेमकं नाही. तंतू बारीक होत जातात आणि मोकळ्या झालेल्या घरात दुसरेच भाडेकरू शिरतात. पुण्यात भाडेकरू एकदा शिरला की काय होतं हे वेगळं सांगायला नको. इथेही तसंच आहे.

एमआरआयमध्ये हे दिसतं कसं? तपासणीत एकाच खांद्याच्या चित्रांचे अनेक संच निघतात. त्यातला टी-वन नावाचा संच चरबी बघण्यासाठी उत्तम. त्यात चरबी पांढरी दिसते आणि स्नायू गडद करडा. खांद्याचे आडवे, उभे, तिरपे काप घेतले जातात, त्यातला एक विशिष्ट काप आम्ही शोधतो. त्या कापात खवाट्याचं हाड बेचकीसारखं दिसतं. इंग्रजीवाले त्याला वाय म्हणतात. बेचकीच्या दोन टोकांच्या मधल्या खोबणीत सुप्रास्पायनेटस, दांड्याच्या मागे इन्फ्रास्पायनेटस, पुढे सबस्कॅप्युलॅरिस. चौघांचा एकत्र फोटोच तो.

आता काळी पाटी डोळ्यांसमोर आणा. कोरी पाटी म्हणजे ग्रेड ०, पूर्ण स्नायू. खडूच्या एकदोन रेघा दिसल्या तर ग्रेड १. खडू बराच झाला पण पाटी अजून जास्त दिसते, तर ग्रेड २. जेवढी पाटी तेवढाच खडू, ग्रेड ३. पाटीपेक्षा खडू जास्त, ग्रेड ४. संपलं. आत्याला वाटलं होतं की यामागे काहीतरी भयंकर गणित असणार. “एवढंच? हे तर मीही केलं असतं,” ती म्हणाली. केलंही असतं.

ही पाच पायऱ्यांची शिडी फ्रान्समधली. पॅरिसजवळच्या क्रेतेय इथे काम करणारे अस्थिशल्यविशारद दानिएल गुतालिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९४ मध्ये मांडली. आमच्याकडे या आडनावाचे गौटेलियर, गुटॅलियर असे सगळे उच्चार ऐकू येतात आणि सगळे चालतात. मजा अशी की मूळ शिडी एमआरआयसाठी नव्हतीच, ती सीटी स्कॅनवर बांधलेली. सीटीत पाटी उलटी होते. तिथे घनतेच्या मापात पाण्याला ० धरतात, स्नायू साधारण अधिक ५० च्या आसपास, चरबी उणे १०० च्या आसपास, त्यामुळे चरबीच गडद दिसते. पुढे १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या फुक्स आणि मंडळींनी हीच पद्धत एमआरआयच्या बेचकीवाल्या कापावर आणली. त्यांनी पायऱ्याही कमी केल्या. ० आणि १ एकत्र, २ वेगळी, ३ आणि ४ एकत्र. माझ्या मते तो जास्त शहाणपणाचा हिशेब होता, पण रिपोर्टांमध्ये पाच पायऱ्याच टिकून राहिल्या आहेत.

या आकड्यांत एक सापळा आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. ४ पैकी ३ म्हणजे पाऊण, असं आपलं डोकं आपोआप धरतं. आत्यानेही धरलं होतं. “म्हणजे पंचाहत्तर टक्के गेला ना?” नाही. ग्रेड ३ म्हणजे निम्मं-निम्मं. ग्रेड ४ मध्ये निम्म्याहून थोडी जास्त चरबी असलेलाही येतो आणि नावापुरता स्नायू उरलेलाही येतो. ग्रेड २ ची खोली तर सगळ्यांत ऐसपैस. रेघांपेक्षा जरा जास्त इथपासून जवळजवळ निम्म्यापर्यंत सगळे तिथेच बसतात. त्यामुळे दोन ग्रेड २ चे रुग्ण एकमेकांपासून पुष्कळ लांब असू शकतात. हे परीक्षेतले गुण नव्हेत, एसटीच्या थांब्यांसारखे आहेत. दोन थांब्यांमधलं अंतर सारखं असतं असं कुणी कबूल केलेलं नाही.

दुसरं म्हणजे हा डोळ्यांचा अंदाज आहे. मोजपट्टी नाही, तराजू नाही. आत्याची सीडी मी दुसऱ्या दिवशी मागवून घेतली आणि रिपोर्टकडे न बघता सुप्रास्पायनेटसला ३ दिले. शेजारच्या खोलीतल्या सहकारी मॅडमना काही न सांगता तेच चित्र दाखवलं. त्यांनी २ दिले. आम्ही दहा मिनिटं हुज्जत घातली. त्या म्हणाल्या, कडेची चरबी तू धरतोयस, ती स्नायूच्या बाहेरची आहे. मी म्हटलं, बाहेरची कशी, तिथे पूर्वी स्नायूच होता. असे वाद रोज होतात, आणि बहुतेक २ आणि ३ च्या सीमेवरच. वेगवेगळ्या तज्ज्ञांना एकच चित्रं दाखवून जे अभ्यास झाले त्यांतही एका पायरीचा फरक वारंवार पडलेला दिसतो. तेव्हा एका केंद्राच्या रिपोर्टात २ आणि दुसरीकडे ३ आले, तर लगेच कोणी चुकलं, किंवा चार महिन्यांत आजार वाढला, असं समजू नका. जुनी आणि नवी चित्रं एकाच माणसाने शेजारी शेजारी ठेवून बघितली तरच तुलनेला अर्थ. म्हणून कागदी रिपोर्ट हरवला तरी चालेल, सीडी जपा.

रिपोर्टात शेजारीच आणखी एक शब्द असतो, ॲट्रफी. तो वेगळा आहे. चरबी म्हणजे स्नायूच्या आत काय भरलंय, आणि ॲट्रफी म्हणजे स्नायू आकाराने किती सुकलाय. त्याची एक सोपी खूण आहे. धान्य मापताना माप शिगोशीग भरलं की वर शीग येते. बेचकीच्या दोन टोकांना जोडणारी रेघ मनातल्या मनात ओढा. धडधाकट सुप्रास्पायनेटस त्या रेघेच्या वर शिगेसारखा फुगलेला दिसतो. तो रेघेच्या खाली राहिला तर स्नायू सुकलाय. याला टॅन्जंट साइन म्हणतात. रेघ ओढायला सोपी, त्यामुळे इथे भांडणं कमी होतात.

पण हे सगळं करायचं कशासाठी? ग्रेड काढतो तो शल्यचिकित्सकाच्या एका प्रश्नासाठी: फाटलेली कंडरा पुन्हा हाडाला शिवली, तर पलीकडचा स्नायू ओढणार आहे का? विहिरीचा दोर तुटला तर नवा बांधता येतो. पण ओढणाऱ्या माणसातच त्राण नसेल तर नव्या दोराने पाणी वर येत नाही. ग्रेड ० किंवा १ असेल तर शिवण टिकण्याची आणि ताकद परत येण्याची शक्यता चांगली. २ ला विचार करावा लागतो. ३ आणि ४ ला कंडरा पुन्हा सुटण्याचं प्रमाण बरंच वाढतं, आणि ती टिकली तरी हातात अपेक्षेइतका जोर येत नाही.

आणि उशिरा शिवली तर? इथे वाईट बातमी आहे. कंडरा नीट जुळून आली तर चरबी पुढे वाढायची बहुतेक थांबते, पण जी शिरली ती सहसा बाहेर जात नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या एमआरआयमध्ये कधीकधी ग्रेड सुधारल्यासारखा दिसतो, त्यावर लगेच पेढे वाटू नयेत. आखडून मागे गेलेला स्नायू शिवताना पुढे ओढला जातो, त्यामुळे बेचकीच्या त्याच कापात आता स्नायूचा दुसराच, जास्त मांसल भाग येतो. तेच ताट, फक्त वाटी सरकवलेली.

म्हणून यात वेळेला फार किंमत आहे. एका मोठ्या फ्रेंच अभ्यासात सुप्रास्पायनेटसमध्ये मध्यम चरबी दिसायला तक्रार सुरू झाल्यापासून सरासरी ३ वर्षं लागली होती, आणि गंभीर चरबीला सरासरी ५. ही सरासरी झाली. एकापेक्षा जास्त कंडरा फाटल्या असतील, किंवा पडून अचानक मोठी फाटली असेल, तर चक्र वेगाने फिरतं.

आत्याची ही चार वर्षं कशी गेली? ‘फ्रोझन शोल्डर आहे, आपोआप सुटेल’ असं तिला पहिल्याच भेटीत कोणीतरी सांगितलं. मग महानारायण तेल, मग शेक, मग मंडईतल्या कुणाच्या तरी ओळखीचा मालिशवाला. दुखणं कमी झालं आणि हात वर जाईना तो जाईनाच. या दोन आजारांतला ढोबळ फरक घरीही बघता येतो. फ्रोझन शोल्डरमध्ये सांधाच जाम असतो, त्यामुळे दुसऱ्याने हात उचलून द्यायचा म्हटलं तरी वर जात नाही. मोठी कंडरा फाटलेली असेल तर दुसऱ्याने उचलला की हात सहज जातो, पण स्वतःहून जात नाही, आणि सोडला की पडतो. आत्या कपाटाच्या वरच्या फळीला हात लावताना डाव्या हाताने उजवं मनगट धरून वर न्यायची. दर दिवाळीत मी ते बघत होतो. फराळ खात बघत होतो. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

सगळी चरबी फाटलेल्या कंडरेमुळेच असते असंही नाही. कधी कंडरा धड असते आणि तरी एकटा इन्फ्रास्पायनेटस पांढरा पडलेला दिसतो. अशा वेळी नसेकडे बघायचं. खवाट्याच्या मागच्या खाचेत पाण्याची गाठ येऊन ती नस दाबते. व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांमध्ये त्या नसेचा त्रास ओळखीचा आहे. म्हणजे कोणत्या स्नायूंत चरबी आहे आणि कोणत्यांत नाही, या नकाशावरूनही कारण सापडतं. मांड्यांचे स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजारांत तर हाच नकाशा निदानाला दिशा देतो. मुलग्यांना होणाऱ्या ड्यूशेन नावाच्या आजारात नितंबाचे आणि मांडीचे मोठे स्नायू चरबीने भरत जातात, पण मांडीच्या आतल्या बाजूचे ग्रॅसिलिस आणि सार्टोरियस हे सडपातळ स्नायू बराच काळ तग धरतात. त्या मुलांत नव्या औषधाचा परिणाम बघायचा तर ‘पाटी जास्त की खडू’ एवढ्यावर भागत नाही. तिथे डिक्सन पद्धत वापरतात. चुंबकीय क्षेत्रात पाण्यातले आणि चरबीतले हायड्रोजनचे कण किंचित वेगळ्या वेगाने घुमतात. तो फरक पकडून पाण्याचं चित्र वेगळं आणि चरबीचं वेगळं काढायची युक्ती डिक्सन यांनी १९८४ मध्ये मांडली. त्यातून चरबीची खरोखर टक्केवारी निघते. खांद्यासाठी ती रोज वापरावी का? वापरावी, असं मला वाटतं. पण गर्दीच्या केंद्रात डोळेच स्वस्त पडतात.

कंबरेच्या एमआरआयबद्दलही दोन ओळी, कारण तिथे लोक नाहक घाबरतात. ‘मल्टिफिडसमध्ये फॅटी इन्फिल्ट्रेशन’ असं वाचून येणारे आयटीवाले रोज भेटतात. मल्टिफिडस हा मणक्याला चिकटलेला खोल स्नायू, आणि कंबरेच्या खालच्या मणक्यांजवळ त्यात थोडी चरबी येणं फार सर्रास आहे. डेन्मार्कमधल्या २००७ च्या एका अभ्यासात चाळिशीच्या लोकांपैकी ८१ टक्क्यांमध्ये ती सापडली, तेरा वर्षांच्या मुलांमध्ये मात्र १४ टक्केच. कंबरदुखीशी तिचं नातं दिसलं आहे, पण एवढी सार्वत्रिक गोष्ट एकट्या तुमच्या दुखण्याचं कारण म्हणून बोट दाखवायला पुरत नाही. शिवाय खांद्याची शिडी जशीच्या तशी तिथे लावून ‘ऑपरेशन करायचं का’ असं विचारण्यात अर्थ नाही.

आत्याच्या रिपोर्टात चारही स्नायूंचे आकडे होते. सुप्रास्पायनेटस ३, इन्फ्रास्पायनेटस २, सबस्कॅप्युलॅरिस १, टेरेस मायनर ०. तिने फक्त पहिला वाचला होता. खांद्याच्या डॉक्टरांनी मात्र खालून वाचायला सुरुवात केली. टेरेस मायनर शाबूत म्हणजे हात बाहेरच्या बाजूला वळवायला एक माणूस अजून कामावर आहे. सबस्कॅप्युलॅरिस बरा म्हणजे पुढची भिंत उभी आहे. पुढेमागे फारच अडलं तर उलटा कृत्रिम सांधा बसवता येतो. त्यात चेंडू आणि बशीच्या जागा बदलतात आणि डेल्टॉइड एकटा हात उचलतो. पॉल ग्रामों या फ्रेंच सर्जनने १९८५ च्या सुमारास ही कल्पना रुजवली. त्या ऑपरेशनलाही टेरेस मायनर चांगला असलेला बरा.

सध्या त्याची गरज नाही असं ठरलं. शिवून फायदा कमी, आणि दुखणंही फार उरलेलं नाही. मग व्यायाम. डेल्टॉइड आणि उरलेल्या स्नायूंना इतकं तयार करायचं की चेंडू बशीत राहावा आणि हात निदान डोक्यापर्यंत जावा. व्यायामाने चरबी जाणार नाही हे मी तिला दोनदा सांगितलं. तरी तिसऱ्यांदा तिने विचारलंच.

खिडकीच्या गजाला पिवळा रबरी पट्टा बांधलाय. सकाळी पूजेनंतर पंधरा, संध्याकाळी बातम्यांच्या वेळी पंधरा. तीन महिन्यांत वेणी स्वतःची स्वतः घालायला लागली, माळ्यावरचे डबे मात्र कायमचे खाली आले. परवा पुन्हा फोन. “पुढच्या वर्षी परत एमआरआय करू का? आकडा बदलला का बघायला?” नको म्हटलं. ऑपरेशनचा विचार पुन्हा निघाला तरच. तोवर आकडा विचारायचा नाही, दांडीवर लुगडं टाकता येतं का ते विचारायचं.

“अजून नाही,” ती म्हणाली. “काठी डाव्या हातात धरते.”